लांब कानांचे कामकरी

ठाणे खाडीत भरतीचं पाणी चढलं की चिखलावर चरणारे फ्लेमिंगो उठतात आणि नवी मुंबईच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात. सीवूड्सचं डीपीएस शाळेजवळचं तळं, टी. एस. चाणक्यच्या बाजूची पाणथळ, खाली उरणकडे पाणजे आणि भेंडखळ. सोबत शेकाटे असतात, बगळे असतात, गवताच्या कडेला पाणकोंबड्या असतात. पाम बीच रोडच्या इमारतींमधली माणसं सकाळी याच पट्ट्यात कुत्री फिरवतात. त्यांत एखादा कॉकर स्पॅनियल असला तर लांबूनच ओळखू येतो. नाक जमिनीला टेकलेलं, कान गवतातून फरफटताहेत, तोडलेल्या शेपटीचं खुंट थरथरतंय आणि चाल नागमोडी. डावीकडे दहा पावलं, उजवीकडे दहा पावलं, मधेच मान वळवून मालकाकडे एक नजर. पट्टा धरलेला माणूस वैतागून म्हणतो, "अरे, सरळ चाल ना!"

तो सरळ चालायचा नाही. अशा नागमोडी चालीसाठीच त्याच्या कित्येक पिढ्या निवडून वाढवल्या गेल्या आहेत.

बंदुकीच्या शिकारीत प्रत्येक प्रकारच्या कुत्र्याला काम नेमून दिलेलं होतं. पॉइंटरने पक्ष्याचा वास आला की जागच्या जागी थिजून दिशा दाखवायची. रिट्रीव्हरने गप्प बसून वाट पाहायची आणि पडलेला पक्षी आणून द्यायचा. स्पॅनियलच्या वाट्याला जवळजवळ सगळंच आलं. झुडपात घुसायचं, पण बंदुकीच्या टप्प्यात म्हणजे मालकापासून वीस-तीस पावलांतच राहायचं. नागमोडी फिरत पक्षी उठवायचा. तो उडाला की खाली बसायचं. कुठे पडला ते ध्यानात ठेवायचं आणि सांगितल्यावर तोंडात अलगद धरून आणायचा. इंग्लिश वैद्य जॉन कायस यांचं कुत्र्यांवरचं पुस्तक १५७६ साली इंग्रजीत आलं. त्यात जमिनीवरचे आणि पाण्यातले असे शिकारी स्पॅनियलचे दोन गट पाडलेले दिसतात. तेव्हा पक्षी उठवायचा तो जाळ्यासाठी किंवा ससाण्यासाठी. बंदूक नंतर आली, कुत्र्याचं काम तेच राहिलं.

या कामातून स्वभाव घडला. नाक पुढे ओढतं आणि माणूस मागे ओढतो, आणि चांगल्या स्पॅनियलला दोन्ही सारखेच हवे असतात. घरभर तुमच्या मागे मागे येणं, बाथरूमच्या दाराबाहेर बसून राहणं, आवाज चढला की अंग चोरून जमिनीला चिकटणं, मोजा पळवून तो न फाडता तुमच्यासमोर आणून उभं राहणं, हे सगळं त्या वीस-तीस पावलांच्या अंतरातून आलेलं आहे. आपण त्याला "किती प्रेमळ" म्हणतो आणि तो प्रेमळ असतोच. पण ते प्रेम काम मागतं, आणि ही गोष्ट पिल्लू घरी आणताना सहसा कोणी सांगत नाही.

आपल्याकडे कुत्र्याची जात बहुतेक वेळा चेहऱ्यावरून ठरते. १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन' हा चित्रपट आला आणि त्यातल्या टफीसारखा पांढरा स्पिट्झ सगळ्यांना हवासा झाला. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे चालणारा पग आला आणि सोसायट्या पगांनी भरल्या. स्पॅनियलची अशी एकदम लाट आली नाही. तो आधीपासून थोडाथोडा होता, लष्करी छावण्यांत, रेल्वे कॉलनीत, जुन्या पारशी आणि ख्रिस्ती घरांत. भारतातल्या सगळ्यांत प्रसिद्ध स्पॅनियलची खरेदी तर पंधरा रुपयांत झाली. जिम कॉर्बेटने तीन महिन्यांचं एक मरतुकडं, गारठलेलं पिल्लू विकत घेतलं. विकणाऱ्याने नाव पिंचा सांगितलं, कॉर्बेटने रॉबिन ठेवलं. १९४४ मध्ये आलेल्या 'मॅनईटर्स ऑफ कुमाऊँ'मध्ये त्या रॉबिनवर एक अख्खं प्रकरण आहे. पक्ष्यांसाठी घेतलेला हा कुत्रा पुढे बिबट्याच्या मागावर कॉर्बेटच्या बरोबर चालत असे. ज्याला कॉकर पाळायचा आहे त्याने ते प्रकरण आधी वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण नाक आणि निष्ठा एकत्र कशी काम करतात हे त्याच्याइतकं स्पष्ट मी कुठे वाचलेलं नाही.

नवी मुंबईत 'स्पॅनियल' म्हटलं की दहातल्या नऊ वेळा कॉकरच अभिप्रेत असतो. त्यातही दोन वेगळे कुत्रे एकाच नावाने विकले जातात. इंग्लिश कॉकर बारा ते पंधरा किलोचा, लांब तोंडाचा, पायांत दम असलेला. इंग्लंडच्या केनेल क्लबने त्याला १८९० च्या दशकात स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. त्याच रक्ताचे कुत्रे अमेरिकेत गेले आणि तिथे प्रदर्शनांच्या नादात डोकं गोल, तोंड आखूड आणि पोटाखालचे केस जमिनीपर्यंत वाढत गेले. दोघांत इतकं अंतर पडलं की १९४६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने इंग्लिश कॉकरला वेगळी जात ठरवलं. अमेरिकन नेते रिचर्ड निक्सन यांच्या १९५२ च्या टीव्ही भाषणातला त्यांचा कुत्रा चेकर्स कॉकर होता, आणि डिस्नेच्या १९५५ च्या 'लेडी अँड द ट्रॅम्प'मधली लेडी म्हणजे अमेरिकन कॉकरच. खप वाढला तशी बेफिकीर पैदासही वाढली आणि त्यातून बिचकणारी, भीतीने लघवी सोडणारी, हात लावला की गुरगुरणारी पिल्लं बाजारात आली.

समुद्रकाठच्या दमट हवेत अमेरिकन कॉकरचे केस सांभाळणं हे त्या कुत्र्याच्याच अंगावरचं ओझं आहे, असं माझं मत आहे. आठवडाभर विंचरलं नाही की काखेत आणि कानांमागे जटा होतात. त्या ओढल्या की दुखतं, दुखलं की तो चावायला येतो, आणि मग घरात बोललं जातं, "याचा स्वभाव बिघडला."

इथे त्या कुप्रसिद्ध 'रेज'बद्दल बोललं पाहिजे. कॉकर आणि स्प्रिंगर या दोन्ही स्पॅनियल जातींबद्दल पूर्वापार सांगितलं जातं की शांत बसलेला कुत्रा अचानक डोळे ताठरून चावतो आणि दोन मिनिटांनी काही झालंच नाही असा वागतो. १९९६ मध्ये अँथनी पॉडबर्सेक आणि जेम्स सर्पेल यांनी इंग्लिश कॉकरच्या मालकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. दोनरंगी कुत्र्यांपेक्षा एकरंगी कुत्र्यांमध्ये आक्रमकपणा जास्त निघाला आणि एकरंगींत सोनेरी-तांबूस कुत्रे सर्वांत पुढे होते. आपल्याकडे सगळ्यांत जास्त मागणी याच सोनेरी रंगाला आहे! तरी यावरून शेजारच्या सोनेरी कॉकरला वाईट स्वभावाचा ठरवू नये. रंग म्हणजे त्या पैदाशीच्या ओळीची एक खूण आहे. कुठल्या मायबापांपासून पिल्लं घेतली गेली याला त्याहून जास्त महत्त्व आहे. खरा 'रेज' फार क्वचित दिसतो. बहुतेक प्रकरणांच्या मागे एक तर राखणदारी असते, म्हणजे ताटली, सोफ्याचा कोपरा किंवा पळवलेला मोजा कोणी घेऊ नये म्हणून गुरगुरणं, नाही तर वेदना असते.

आणि कॉकरची वेदना सहसा कानात असते. लांब, केसाळ, लोंबता कान म्हणजे आत हवा नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कानात ओल राहते, मॅलॅसेझिया नावाची बुरशी वाढते, काळपट तेलकट मळ येतो आणि आंबूस वास सुटतो. कुत्रा डोकं झटकतो, फरशीवर कान घासतो. घरचे म्हणतात, खेळतोय. हे दरवर्षी होत राहिलं की कानाची नळी आतून जाड होत जाते आणि एक दिवस घरातलं लहान मूल लाडाने कान धरतं. त्यानंतर काय होतं हे सांगायला नको. पावसाळ्यात फिरून आल्यावर कान कोरडे करणं, आतले केस कापून घेणं, जेवताना कान वर बांधणं आणि वास आला की घरचं तेल न घालता डॉक्टरांना दाखवणं, एवढं केलं तर 'बिघडलेले' कितीतरी स्वभाव सुधारतील. गोचीड तापाचंही तसंच. या केसांत गोचीड दिसतच नाही, बोटांनी चाचपूनच शोधावी लागते.

स्वभाव जन्मतः किती येतो आणि नंतर किती घडतो, या प्रश्नावर सगळ्यांत मोठं काम ज्या कुत्र्यांवर झालं त्यांत कॉकर होता. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी जवळजवळ वीस वर्षं पाच जाती शेजारी शेजारी वाढवल्या: बसेंजी, बीगल, अमेरिकन कॉकर, शेटलंड शीपडॉग आणि फॉक्स टेरियर. त्यांचं पुस्तक १९६५ मध्ये आलं. पाच आठवड्यांची बसेंजीची पिल्लं माणूस जवळ आला की बिचकून पळत, धरलं तर झटापट करत. कॉकरची पिल्लं त्या मानाने निवांत असत. पिढ्यान्‌पिढ्या 'बस' म्हटल्यावर बसणारेच कुत्रे पैदाशीसाठी ठेवल्याचा हा परिणाम होता.

त्याच प्रयोगशाळेतला १९६१ मधला एक प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कॉकर आणि बीगलची पिल्लं आईबरोबर कुंपणातल्या मैदानात वाढवली आणि माणसांपासून लांब ठेवली. वेगवेगळ्या वयात एकेका गटाला फक्त एक आठवडा माणसांत आणलं. ज्यांना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस मिळालाच नाही ती पिल्लं रानटी प्राण्यासारखीच झाली, आणि नंतर किती लाड केले तरी फारशी सुधारली नाहीत. कॉकरसारखी मवाळ जात, तिचं हे झालं. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंतचे दिवस कुठे गेले, यावर पुढची बारा-तेरा वर्षं ठरतात.

आता आपल्याकडची पिल्लांची विक्री बघा. "३५ दिवसांचं पिल्लू, डबल कोट, हेवी बोन" अशी जाहिरात फोनवर फिरते. आईला कोणी बघितलेलं नसतं. २०१७ च्या कुत्र्यांच्या पैदाशीविषयीच्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. आठ आठवड्यांची ही अट आई आणि भावंडांसाठी आहे. चावा किती जोरात घेतला की दुसऱ्याला दुखतं, हे पिल्लू भावंडांकडून शिकतं. पस्तिसाव्या दिवशी उचललेलं पिल्लू तो धडा शिकलेलंच नसतं. शेपटी मात्र त्याच्या कितीतरी आधी तोडलेली असते. झुडपात घुसून जखमी होऊ नये म्हणून शिकारी स्पॅनियलची शेपटी आखूड करत. नेरूळच्या फ्लॅटमधल्या कुत्र्याला कुठली झुडपं? शेपटी ही त्याची बोलण्याची सोय आहे. ती कापल्यावर इतर कुत्र्यांना त्याचा अर्धा निरोप पोचतच नाही. पूर्ण शेपटीचं पिल्लू मागणारे लोक वाढले तर हा प्रकार थांबेल.

कॉकरचा मोठा भाऊ म्हणजे इंग्लिश स्प्रिंगर, वीस-बावीस किलोचा. त्याच्या अंगातली कामाची ओढ संपतच नाही. शिकारीच्या ओळीचे आणि प्रदर्शनाच्या ओळीचे स्प्रिंगर आता इतके वेगळे झाले आहेत की शेजारी उभे केले तर दोन जाती वाटाव्यात. २००३ मध्ये इराकमध्ये ब्रिटिश सैन्यासाठी लपवलेली शस्त्रं शोधणारा बस्टर स्प्रिंगर होता. त्याला प्राण्यांच्या शौर्यासाठीचं डिकिन पदक मिळालं. असा कुत्रा दोन बेडरूमच्या घरात आणू नये, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. रोज दोन तास मोकळं धावणं त्याला लागतं आणि ते खारघरच्या डोंगरालगत राहणाऱ्यालाही रोज जमणार नाही. तांबडा-पांढरा वेल्श स्प्रिंगर थोडा लहान आणि अनोळखी माणसापासून हातभर लांब राहणारा. घरच्यांवर जीव टाकेल, पाहुण्यांकडे जाणार नाही.

कॅव्हेलियर किंग चार्ल्स ही दुसऱ्या टोकाची गोष्ट. पाच ते आठ किलो, मांडीवरचा, कोणाशीही पटकन जमवून घेणारा, वृद्ध माणसांच्या घराला साजेसा. जुन्या चित्रांतल्या लांब नाकाचे छोटे स्पॅनियल नाहीसे झाले म्हणून रॉसवेल एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थाने १९२६ मध्ये क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात २५ पौंडांचं बक्षीस लावलं. त्यातून ही जात पुन्हा उभी राहिली आणि १९४५ मध्ये वेगळी मान्यता मिळाली. पण मुळात थोडेच कुत्रे घेऊन जात वाढवली. आज कॅव्हेलियरच्या हृदयाची झडप लवकर निकामी होते. दहा वर्षांच्या बहुतेक कुत्र्यांत हा दोष ऐकू येतो. कवटी मेंदूला अपुरी पडते आणि मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या होतात. मग कुत्रा उगाच मान खाजवतो, अंगाला न लागणारा पंजा हवेत हलवत राहतो, रात्री किंचाळून उठतो. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या जातीची तिथली पैदास प्राणिकल्याण कायद्याच्या विरुद्ध असल्याचा निर्णय कायम केला. एवढा सोन्यासारखा स्वभाव आणि त्यामागे एवढं दुखणं! मागणी कमी होईपर्यंत कॅव्हेलियरचं पिल्लू विकत घेऊ नये असं मी म्हणेन. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी गळपट्टा काढून छातीचा पट्टा बांधावा आणि दरवर्षी हृदय तपासून घ्यावं.

बाकीचे आपल्याकडे दिसत नाहीत, तरी त्यांच्याकडे बघितलं की एकाच कामाचे किती स्वभाव होतात ते कळतं. क्लंबर जड, पांढरा, संथ आणि जवळजवळ मुका. ससेक्स माग काढताना भुंकतो, जे इतरांत दोष मानलं जातं. आयरिश वॉटर स्पॅनियल कुरळा, पाण्याचा वेडा आणि विदूषकी. तिबेटन स्पॅनियल तर नावापुरताच स्पॅनियल. तो मठांच्या भिंतीवर बसून वाटेवर नजर ठेवणारा, शिकारीशी त्याचा संबंध नाही.

जातीचं हे सगळं सांगून झाल्यावर एक आकडा लक्षात ठेवायला हवा. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास आला. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातला जो फरक आहे, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीने समजावता येतो, असं त्यात निघालं. पायाखालचा उतार जात ठरवते. त्यावरून हे पिल्लू कुठे जाईल ते त्याच्या आईने, पहिल्या बारा आठवड्यांनी आणि तुमच्या घराने ठरतं.

नवी मुंबईचं घर म्हणजे काय? सकाळी आठला एकजण ठाणे-वाशी गाडीने ऐरोलीच्या आयटी पार्ककडे, दुसरा हार्बरने मुंबईला, मूल शाळेत आणि तिथून शिकवणीला. दारं बंद, पंखा चालू, कुत्रा आत. वीस पावलांवर माणूस हवा म्हणून ज्याला घडवलं तो दहा तास एकटा. दुपारी तो रडतो, दार खरवडतो, शेजारचे वॉचमनला फोन करतात आणि महिन्याच्या सभेत तक्रार येते. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. पण तो नियम दाखवून कुत्र्याचं एकटेपण कमी होत नाही. ज्या घरात आजी-आजोबा दिवसभर असतात तिथे कॉकर शांत असतो. दुपारी कोणी वीस मिनिटं येऊन त्याला खाली नेलं तरी फरक पडतो.

आणि त्याला नाक वापरायला द्यावं. खाण्याचे दाणे ताटलीत न देता घरभर लपवा, जुन्या चादरीच्या घड्यांत गुंडाळा, फिरताना वेळ घड्याळावर न मोजता त्याला एका गवताच्या पट्ट्यावर हुंगू द्या. तासभर पट्टा ओढत चालवल्यावर जो घरी येऊन पुन्हा उड्या मारतो, तोच अर्धा तास हुंगल्यावर झोपतो. पाणथळीच्या कडेला मात्र पट्टा सोडू नये. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला तो पक्ष्यांमुळे, आणि भरतीच्या वेळी विसावलेला थवा उठवणं हेच स्पॅनियलचं काम. ते तो उत्तम करेल.

हेच नाक योग्य हातात गेलं की काय होतं, याची उदाहरणं आपल्या सैन्यात आहेत. २०२० च्या स्वातंत्र्यदिनी लष्करप्रमुखांचं प्रशस्तिपत्र मिळालेल्या दोन कुत्र्यांपैकी सोफी ही स्फोटकं हुडकणारी कॉकर स्पॅनियल होती, दुसरी विदा. त्याच महिन्याच्या 'मन की बात'मध्ये त्या दोघींबरोबर आपल्या बीड पोलिसांच्या रॉकीचंही नाव घेतलं गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्ली छावणीत लष्कराने घाम आणि लघवीच्या नमुन्यांवरून कोविड ओळखणारे कुत्रे दाखवले. त्यांत कॅस्पर नावाचा कॉकर होता. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या श्वानपथकांतही लॅब्रॅडॉरच्या जोडीला कॉकर असतो. कारण सरळ आहे. तो लहान आहे, खुर्च्यांखाली आणि सामानाच्या रांगांत शिरतो, आणि गर्दीतलं लहान मूल त्याला बघून घाबरत नाही. उलव्याच्या नव्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली आहेत. तिथली सुरक्षाही याच दलाकडे आहे. घरात 'हट्टी' ठरलेला आणि पथकात 'चिकाटीचा' ठरलेला, दोघांचा स्वभाव एकच असतो.

ज्यांना स्पॅनियल हवाच आहे त्यांना मी पिल्लाच्या आधी मोठा कुत्रा बघायला सांगते. पाच-सहा वर्षांचे कॉकर सोडून दिले जातात. कधी कानांच्या वासामुळे, कधी परदेशी बदलीमुळे, कधी घरात बाळ आलं म्हणून. अशा कुत्र्याचा स्वभाव अंदाजाने ठरवावा लागत नाही, तो समोर असतो. संस्थेत गेलात तर तिथे अर्धा तास बसा. कानाला हात लावल्यावर तो काय करतो ते बघा. त्याच्या ताटलीजवळून चालत जा. दोन दाणे चादरीखाली लपवा आणि तो किती वेळ शोधतो ते मोजा. मग सांभाळणाऱ्या माणसाला विचारा, एकटा ठेवल्यावर हा किती वेळ रडतो, आणि ते उत्तर आपल्या घराच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा.